ब्रेक लाइट लागत नाही? जुन्या एमजीबीचं वायरिंग मागून पुढे तपासा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दहा दिवस आधी अमळनेरचे एक आबा पारोळ्याला माझ्या दुकानी आले. गाडी ते स्वतः चालवत होते आणि मागून त्यांचा मुलगा मोटारसायकलवर. आबांची गाडी हळू झाली की मुलाने डावा हात वर करायचा आणि मागच्या ट्रकवाल्याला थोपवायचं, अशी बापलेकाची व्यवस्था. कारण गाडीला ब्रेक लाइट नव्हता.

गाडी एमजीबी, ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, १९६५ची. दोन सीटची, कापडी टपाची, लाल. हायवेवरच्या हॉटेलातली माणसं शेवभाजीचं ताट अर्धं टाकून बघायला आली. आबांच्या काकांनी ती मुंबईहून आणली होती आणि पुढे बरीच वर्षं ती जिनिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. दोन वर्षांपूर्वी रंगवून घेतली, इंजिन चालू झालं, सगळं झालं. ब्रेक लाइट तेवढा राहिला.

"नाना, तीन जनस्नी हात लावा. दोन डाव बल्ब बदला. दिवा लागतच नही." म्हणजे तिघांनी हात लावला, दोनदा बल्ब बदलला, तरी दिवा लागत नाही.

मी बस डेपोत एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. स्पोर्ट्स कार माझ्या बापजन्मात हाताखाली आली नव्हती. पण बॉनेट उघडलं आणि ओळखीचं घर दिसलं. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन असायचं ते बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज. एमजीबीत त्याच घराण्यातला थोरला भाऊ, १७९८ सीसी. वायरींचे रंगही तेच, लुकास या ब्रिटिश इलेक्ट्रिकल कंपनीच्या पद्धतीचे. त्यामुळे हे वाचून तुम्ही जुनी ॲम्बेसेडर किंवा मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड उघडलीत तरी बरंचसं उपयोगी पडेल.

आता कामाचं.

हत्यारं फार लागत नाहीत. एक टेस्ट लॅम्प: जुना होल्डर, बारा व्होल्ट पाच वॅटचा बल्ब, हातभर लांब दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला टोक. मल्टिमीटर. बारीक पॉलिश पेपर. अंगठ्याएवढ्या जाडीची दोन-अडीच हाताची काठी. आणि दोन मीटर जाड वायर, दोन्ही टोकांना चिमटे. ही शेवटची वस्तू सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढे येईल. काही जण टेस्टरच्या टोकाला दाभण लावतात आणि वायर कुठेही टोचून बघतात. तसं करू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि चार वर्षांनी वायर आतल्या आत हिरवी होऊन तुटते. वरून धड, आतून भुकटी. टोचायचं तर जोडावरच टोचायचं.

चाकाला दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद.

आधी बॅटरी बघा

या गाडीत बॅटरी बॉनेटखाली नसतेच. सीटांच्या मागे झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, शाफ्टच्या एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरी, आणि दोघी एका केबलने सीरिजमध्ये. मी झाकण काढलं तर बॉडीला प्लस जोडलेला.

म्हटलं, सापडला चोर! कोणी शहाण्याने बॅटरी उलटी जोडून ठेवलीय. पाना हातात घेतला, नट सैल करायला बसलोसुद्धा. तेवढ्यात लक्षात आलं, बॉडीकडून आलेल्या पट्टीचा क्लॅम्प खुंटीवर अगदी घट्ट बसलाय. बॅटरीची प्लसची खुंटी मायनसपेक्षा जाड असते. उलटंसुलटं केलेलं असतं तर एक क्लॅम्प ढिला राहिला असता आणि दुसरा ठोकून बसवल्याच्या खुणा असत्या. इथे दोन्ही आपापल्या जागी सुखात होते. मग आठवलं, त्या काळच्या ब्रिटिश गाड्या प्लस अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा प्लसच बॉडीला जोडलेल्या. एमजीबी १९६२ला आली तेव्हापासून १९६७पर्यंत प्लस अर्थ. मार्क टू आली तेव्हा बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर आला आणि अर्थ मायनसला गेला. मी त्या दिवशी बॅटरी फिरवली असती तर आबांचा रेडिओ गेला असता आणि डायनॅमोशी वेगळं भांडण सुरू झालं असतं.

साध्या बल्बला प्लस-मायनसचं काही नसतं, कसाही लावा, पेटतो. टेस्ट लॅम्पचंही तसंच. मल्टिमीटर मात्र तांबडी वायर बॉडीला आणि काळी वायर तपासायच्या जागी अशी लावा, नाहीतर आकड्याआधी वजाची खूण दिसेल आणि तुम्ही उगाच घाबराल. एलईडी बल्ब टाकायचा असेल तर प्लस अर्थचाच मागून घ्या. बाजारातला नेहमीचा एलईडी या गाडीत लागणारच नाही, आणि तुम्ही दिवसभर वायर शोधत बसाल.

रस्ता पाठ करा

मी पोऱ्यांना सांगतो, वायर हातात धरण्याआधी तिचा रस्ता तोंडपाठ म्हणून दाखवा. ब्रेक लाइटचा रस्ता असा. बॅटरीकडून तपकिरी वायर चावीच्या स्विचला. चावीपासून पांढरी वायर फ्यूज बॉक्सला. फ्यूजच्या पलीकडून हिरवी वायर ब्रेकच्या स्विचला. ब्रेकच्या स्विचपासून हिरव्यावर जांभळी रेघ असलेली वायर थेट मागे दोन्ही दिव्यांना. आणि बल्बच्या पितळी अंगापासून बॉडी, बॉडीतून परत बॅटरी.

लुकासच्या पद्धतीत मुख्य रंग आधी, रेघ नंतर. हिरवा म्हणजे चावीनंतरचा आणि फ्यूजनंतरचा करंट, हे एकदा कळलं की अर्धी गाडी कळली. हिरव्यावर तांबडी रेघ डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा, नुसती तांबडी टेल लाइटची, काळी अर्थची. साठ वर्षांत हे सगळे रंग एकाच रंगाचे होतात, आपल्या काळ्या मातीच्या. मी दिवसाउजेडी तीन वायरी हातात धरून जांभळी रेघ शोधत होतो आणि तिन्ही मेल्या मातकट. अशा वेळी वायर नुसती पुसून भागत नाही. हार्नेसवरची, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरची, पट्टी बोटभर उकला. आत जिथे ऊन आणि धूळ कधी पोचली नाही तिथे रंग अजून कोरा असतो. हिरवी-जांभळी तिथे अशी दिसली, जणू काल दुकानातून आणली.

या रस्त्यावरून पहिला फुकटचा टेस्ट निघतो. चावी चालू करा. चावी बंद ठेवून या गाडीचा ब्रेक लाइट लागत नाही, हे विसरून एक तास घालवलेला माणूस मी पाहिलाय. आता इंडिकेटर लावा आणि पेट्रोलच्या काट्याकडे बघा. दोघांचा करंट त्याच हिरव्या फ्यूजमधून येतो. इंडिकेटर मेलेला, काटाही पडलेला, तर मागे जाऊच नका, फ्यूज बघा. दोन्ही जिवंत असतील तर फ्यूजपर्यंतचा रस्ता निर्दोष. आबांच्या गाडीचा इंडिकेटर टकटक करत होता.

दुसरा प्रश्न गाडीच्या मालकाला विचारायचा: एक दिवा गेलाय की दोन्ही? एकच गेला असेल तर बल्ब, होल्डर नाहीतर त्या बाजूची अर्थ. दोन्ही एकदम गेले असतील तर बहुतेक स्विच, नाहीतर स्विचपासून डिकीपर्यंतची वायर. दोन्ही बल्ब एकाच दिवशी मरत नाहीत. म्हणून आबांच्या गाडीचे बल्ब दोनदा बदलणाऱ्यांनी नेमका काय विचार केला असेल, मला कळलेलं नाही.

मागून सुरुवात

तरी मी मागूनच सुरू करतो. बसून करता येतं, आणि डोळ्यांना दिसणारे दोष तिथेच जास्त असतात.

लेन्सचे स्क्रू काढा. हळू, जुनं प्लॅस्टिक आहे, भुसावळ-जळगावकडच्या उन्हात ते पापडासारखं झालेलं असतं. डावी लेन्स काढली आणि आतून पसाभर सरकीची टरफलं माझ्या मांडीवर पडली. जिनिंगच्या शेडमधल्या उंदराने दिव्याच्या पोकळीत कोठार केलं होतं. वायर मात्र कुरतडली नव्हती. सरकी मिळत असताना रबर कोण खाईल?

बल्ब दोन तारांचा, एकवीस आणि पाच वॅटचा. ब्रिटिश नंबर ३८०. पाच वॅट टेल लाइटला, एकवीस ब्रेकला. त्याच्या दोन पिना वरखाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. पण झिजलेल्या होल्डरमध्ये जोर लावला तर उलटाही बसतो. मग टेल लाइट डोळे दिपतील असा पेटतो आणि ब्रेक दाबल्यावर मिणमिणतो. मागून बघणाऱ्याला वाटतं ब्रेक लाइट लागतच नाही. बल्ब उजेडात धरून जाड तार शाबूत आहे का बघा. खात्री नसेल तर थेट बॅटरीवर लावून बघा, अंदाज नको.

होल्डरच्या तळाला दोन पितळी ठिपके असतात, त्यामागे स्प्रिंग. बोटाने दाबून बघा, परत वर आले पाहिजेत. न आले तर बल्बला टेकतच नाहीत. पॉलिश पेपर गुंडाळून होल्डरच्या आतून फिरवा, काळं निघेपर्यंत.

आता पोऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. पोऱ्या नसेल तर काठी: एक टोक पेडलवर, दुसरं सीटच्या पुढच्या कडेवर, आणि सीट पुढे सरकवा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीच्या कोऱ्या धातूला, टोक होल्डरच्या ठिपक्यांना. एका ठिपक्यावर लागायला हवा. आमचा कुठेच लागला नाही, डावीकडेही नाही, उजवीकडेही नाही.

मग एक पाऊल मागे, डिकीत. तिथे हार्नेस संपतो आणि दिव्यांच्या वायरी सुरू होतात. जोड बुलेटचे: वायरीच्या टोकाला गोळीसारखी पितळी टोपी, आणि अशा गोळ्या दोन्हीकडून एका रबरी नळीत शिरतात. नळीच्या आत पत्र्याची बाही असते. रबर कडक होतं, पत्रा गंजतो, आणि वरून काही दिसत नाही. प्रत्येक गोळी ओढून काढा, पुसा, घासा. पत्र्याची बाही सैल झाली असेल तर पकडीने चेपण्यापेक्षा नळी नवी टाका, दहावीस रुपयांचं काम. नवी गोळी बसवायची तर झाळून बसवा. आम्ही घासली, पुन्हा ब्रेक दाबला, टेस्ट लॅम्प लावला. हिरव्या-जांभळीत करंट नाही. म्हणजे दोष अजून पुढे.

ब्रेकचा स्विच

पुढच्या वर्षांच्या एमजीबीत हा स्विच पेडलच्या वर बसवलेला, साधा बटणाचा. पेडल हललं की बटण सुटतं आणि दिवा लागतो. त्यात बहुतेक वेळा नट फिरवून जागा बदलली की भागतं. पण १९६५च्या गाडीत स्विच पेडलपाशी शोधू नका, सापडणार नाही. तो बॉनेटखाली, ब्रेकच्या पाइपांच्या जोडावर स्क्रूसारखा बसवलेला असतो. डोक्याला दोन पिना, त्यांना दोन वायरी. ब्रेक ऑइलचा दाब वाढला की आतला पडदा दाबला जातो आणि दोन टोकं एकमेकांना टेकतात.

तपासणी दहा सेकंदांची. चावी चालू ठेवा, स्विचच्या दोन्ही वायरी काढा आणि त्यांची टोकं एकमेकांना जोडा. पेडलशी काही संबंध नाही. मागे दिवा लागला तर स्विच मेला. न लागला तर हिरव्या वायरीत करंट येतोय का बघा. येत असेल तर दोष हिरव्या-जांभळीच्या प्रवासात, न येत असेल तर फ्यूज बॉक्सच्या बाजूला.

मी वायरी जोडल्या आणि मागे बसलेला माझा पुतण्या ओरडला, "लागना नाना, लागना! पन एकच लागना." लागला, पण एकच.

एकाच्या जागी दोन आजार. असं फार वेळा होतं. एक दोष सापडला की माणूस हत्यारं गोळा करतो आणि दुसरा राहून जातो. डाव्या दिव्याकडे परत येऊ, आधी स्विच संपवतो.

स्विचच्या पिनांपाशी ओलं, चिकट काही दिसलं तर तो वायरिंगचा प्रश्न राहिला नाही. आतला पडदा फाटून ब्रेक ऑइल बाहेर येतंय. गाडी तिथेच उभी करा. कोरडं असेल तर जोरात दाबल्यावर तरी लागतो का बघा. आबांचा स्विच पुतण्याने दोन्ही पायांनी पेडल दाबल्यावर एकदा लागला. म्हणजे तो मेला नव्हता, आळशी झाला होता. पण ब्रेक लाइट हलक्या पायालाच लागायला हवा. दोन पायांनी ब्रेक दाबायची वेळ येते तोवर मागचा आपल्या डिकीत असतो.

बदलताना नवा स्विच आधी हातात घ्या, आटे जुन्याशी जुळवून बघा, मगच जुना काढा. ऑइलच्या डब्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद लावून झाकण घट्ट केलं तर गळती कमी होते. खाली चिंध्या अंथरा. ब्रेक ऑइल रंग खातं, आणि आबांनी रंगाला किती पैसे दिले होते ते त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं. थेंब पडलाच तर लगेच भरपूर पाणी ओता. नवा बसला की ब्रेकच्या पाइपांतली एअर काढा. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर दिवा कितीही छान लागला तरी गाडी रस्त्यावर नेऊ नका. आमचा स्विच मुंबईहून चौथ्या दिवशी आला.

परतीचा रस्ता

आता डावा दिवा. स्विचच्या वायरी जोडलेल्या, उजवा लख्ख, डावा निखाऱ्यासारखा. बल्ब अदलाबदल केले, तरी डावाच मंद. टेल लाइट लावून ब्रेक दिला तर टेल लाइटही अडखळायचा. ही खूण लक्षात ठेवा: एक दिवा लावल्यावर त्याच डब्यातला दुसरा दिवा चाळा करू लागला की अर्थ गेली. करंट आत येतो, बाहेर जायला वाट नाही, म्हणून शेजारच्या तारेतून वाट काढतो. येणाऱ्या करंटची सगळे चौकशी करतात, जाणाऱ्याची कोणी करत नाही. माझ्या डेपोतल्या वर्षांत मंद दिव्यांच्या दहा तक्रारींत सहासात अर्थच्याच निघायच्या.

इथे ती जाड वायर काढायची. एक चिमटा बल्बच्या होल्डरच्या पितळी अंगाला, दुसरा थेट बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला. डावा दिवा भक्कन उजळला. संपला निकाल.

मला आकडेही बघायचे होते, तेही सांगतो, कारण मल्टिमीटर विकत घेऊन नुसता "करंट आहे-नाही" बघायला वापरणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर कांदे मोजणं. दिवा लागलेला असतानाच मोजायचं. बॅटरीवर १२.३ व्होल्ट. डाव्या बल्बवर, ठिपका ते पितळी अंग, ९.१. मग बाकीचे ३.२ गेले कुठे? मीटरची एक वायर होल्डरच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर: १.९. तिथे शून्याच्या आसपास हवं, दोन दशांश फार झाले. उरलेले १.३ येणाऱ्या रस्त्यात: फ्यूजच्या पकडी, चावी, आणि डिकीतली अजून न बदललेली एक बुलेट. व्होल्ट थोडे पडले की उजेड थोडाच पडेल असं वाटतं, तसं नसतं. बाराच्या बल्बला दहा व्होल्ट मिळाले तर उजेड जवळजवळ निम्मा होतो. नऊवर तर निखाराच.

अर्थ कुठे अडली होती? या दिव्याची अर्थ तो ज्या बोल्टांनी बॉडीला बसवलेला असतो त्यांतूनच जाते. गाडी रंगवताना कारागिराने बॉडीला तीन हात दिले, सुंदर दिले, आणि बोल्टांच्या भोकांभोवतीही दिले. रंग म्हणजे वीज अडवणारी चादरच. उजवीकडे नट घट्ट करताना रंग खरवडला गेला असावा, डावीकडे नाही. मी डिकीच्या आतून, नटाखाली झाकली जाईल एवढीच गोल जागा पॉलिश पेपरने कोरी केली, दातेरी वॉशर घातला, नट आवळला, वरून ग्रीस लावलं. आबा डोक्यावर उभे होते, बाहेरच्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. शिवाय मी होल्डरच्या अंगाला एक काळी वायर झाळली आणि ती डिकीतल्या दुसऱ्या बोल्टला नेली. मूळ गाडीत ती नाही, जुन्या गाड्यांचे शौकीन नाक मुरडतील. मुरडोत. फ्यूजच्या पकडी घासल्या, बुलेट बदलली. परत मोजलं: बल्बवर ११.८.

फ्यूज, आणि माझी चूक

फ्यूज काचेचा, त्यावर ३५ लिहिलेलं. लुकासच्या काचेच्या फ्यूजवरचा आकडा हा उडण्याचा आकडा. ३५चा फ्यूज कायम सोसतो सतराच्या आसपास. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या फ्यूजवर बहुधा कायम सोसायचा आकडा असतो. म्हणून ३५ वाचून ३५चा आधुनिक फ्यूज टाकलात तर वायर जळेल, फ्यूज उडणार नाही. पंधराचा टाका. एकवीस वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतात. इंडिकेटर, वायपर धरले तरी पंधरा पुरतात. सिगारेटची चांदी गुंडाळलेला फ्यूज मी अजूनही महिन्याला एक तरी पाहतो.

चूक अशी. आबांच्या गाडीवर माझ्याआधी काम केलेल्या एका कारागिराने पुढून मागे एक वेगळी निळी वायर ओढून हिरव्या-जांभळीला समांतर जोडली होती. मला ती दिसली होती. काम झालं होतं, ऊन ४४ अंश, म्हटलं राहू दे, काय खाते! श्रावणात, कानबाईच्या सणाआधी, आबा परत. ब्रेक दाबला की फ्यूज उडतो. इंडिकेटर, काटा, सगळं एकदम बंद.

शॉर्ट शोधायला फ्यूजवर फ्यूज जाळू नका. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन पकडींच्या मध्ये हेडलाइटचा जुना बल्ब जोडा. चावी चालू, ब्रेक दाबलेला. शॉर्ट असेल तोवर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, वायर जळत नाही, आणि तुम्हाला घाई नसते. मग मागून पुढे येत हार्नेस हळूहळू हलवत जायचं, एक डोळा बल्बवर. आम्ही डिकीच्या तळातून वर येणारी ती निळी वायर बोटाने उचलली आणि हेडलाइटचा बल्ब एकदम मवाळ झाला. सोडली, पुन्हा भडकला. भोकाला रबरी कडं नव्हतं, पत्र्याच्या धारेने वायर सोलली होती. मी ती मुळापासून उपटून काढली. आखाजीलाच काढायला हवी होती. आबांकडून त्या दिवसाची मजुरी घेतली नाही.

त्याच दिवशी रिले बसवला, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. तार गार असताना बल्ब क्षणभर नेहमीच्या दहापट करंट ओढतो, आणि तो सगळा स्विचच्या इवल्याशा टोकांवरून जातो. टोकं जळतात, स्विच आळशी होतो. नवे मिळणारे ऑइलचे स्विच जुन्याइतके टिकत नाहीत, हा माझा अनुभव. रिले असला की स्विचला फक्त रिलेची गुंडाळी ओढावी लागते. चार पिनांचा साधा रिले: ३० नंबरला फ्यूजकडची हिरवी, ८७ला मागे जाणारी हिरवी-जांभळी, ८६ला स्विचकडून येणारी वायर, ८५ बॉडीला. दुकानदाराला सांगा, आत रेझिस्टन्सवाला द्या. डायोडवाला प्लस अर्थच्या गाडीत नेहमीच्या पद्धतीने जोडलात तर डायोडमधूनच शॉर्ट होतो. रिले कधी ना कधी जाणारच, म्हणून डॅशबोर्डच्या खणात वीतभर वायरीचा तुकडा, दोन्ही टोकांना चपटे लग लावून, ठेवून द्या. रिले उपटायचा, ३० आणि ८७च्या जागी तो तुकडा घालायचा. दिवे सतत लागून राहतील, पण घरी पोचाल.

शेवटची परीक्षा रात्री. गाडी भिंतीपासून दोन हातांवर, पाठ भिंतीकडे करून लावा. आरशातून भिंतीवर दोन तांबडे गोळे सारखे दिसले पाहिजेत. आधी टेल लाइट लावून, मग त्यावर ब्रेक, मग इंडिकेटरसकट ब्रेक. हँडब्रेक सोडून पाय नुसता पेडलवर ठेवा, पेडल जेमतेम हललं की गोळे उठले पाहिजेत. आम्ही समोरच्या कापसाच्या गोडाऊनच्या पांढऱ्या भिंतीवर बघितलं. आबा आत बसून ब्रेक दाबत राहिले, पंधरावीस वेळा, मी पुरे म्हटलं तरी. मग निघाले. मुलगा मोटारसायकलवर पुढे निघून गेला होता.